मोत्याच्या नोंदी: काहीही तयारी नसताना आणलेलं पिल्लू

फ्रिजवर लटकवलेल्या वहीतून उतरवून काढतेय, कुणी आमच्यासारखंच अचानक पिल्लू घेऊन घरी पोचलं असेल तर उपयोगी पडेल. सांगली, विश्रामबाग, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. माणसं पाच: मी, नवरा, सासूबाई, मोठी सातवीत, धाकटा तिसरीत. आम्ही दोघं नोकरीवाले. पिल्लू गावठी, नर. घरात आधी कुणी कुत्रं पाळलेलं नाही. माझ्या माहेरी मळ्यात कुत्री असायची, पण ती पाळलेली नसतात, ती नुसती असतात.

१४ एप्रिल

सुट्टी म्हणून तासगावजवळ भावाच्या मळ्यात गेलो होतो. बेदाणा शेडखाली कुत्री व्यालेली, निम्मी पिल्लं लोकांनी आधीच नेलेली. निघताना धाकट्याने एक उचललं ते खाली ठेवेचना, भाऊ म्हणाला "ने की ताई, हितं तरी कोण बघतंय", नवरा म्हणाला बघू, सासूबाई गाडीत बसल्या होत्या त्यांना कुणी विचारलंच नाही. चहा संपायच्या आत निर्णय झाला. बेदाण्याच्या रिकाम्या बॉक्समध्ये घालून आणलं. घरी पोचेपर्यंत नऊ वाजून गेलेले, दुकानं बंद, घरात त्याच्यासाठी काहीच नाही. वाटीत दूध, त्यात ग्लुकोज बिस्किट. रात्री गॅलरीत बॉक्स ठेवून दार लावलं.

झोप कुणालाच नाही. ते रडतंय, आम्ही ऐकतोय, समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागतायत. पहाटे नवऱ्याने बॉक्स आत आणून पलंगाला चिकटवून ठेवला आणि हात आत सोडून झोपला, तेव्हा गप्प झालं.

१५ एप्रिल

जुलाब. हॉलमध्ये, पायपुसण्यावर, देवघरासमोर. देवघरासमोरचं सासूबाईंनी स्वतः पुसलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत, त्यावरून मी काय ते समजले. मी सुट्टी टाकली. नवऱ्याने येताना पट्टा, साखळी, मऊ गादी आणि आवाज करणारी खेळणी आणली, दोन हजाराच्या आसपास गेले. पट्टा मोठ्या कुत्र्याचा निघाला, डोक्यातून निसटतो. गादीवर त्याने पहिलं काम शू केली. यातलं काहीही लगेच घ्यायची गरज नव्हती, त्या दिवशी लागत होतं ते फक्त डॉक्टर.

१६ एप्रिल

डॉक्टरांकडे. दात बघून म्हणाले पाच आठवड्यांचं असेल. वजन पावणेदोन किलो. पहिला प्रश्न, "इतक्या लवकर का उचललं?" विकायच्या पिल्लांसाठी तर २०१७ चा केंद्राचा नियमच आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आमचं विकतचं नव्हतं, पण पिल्लाला त्याने काय फरक पडतो. म्हणाले जमत असेल तर तीन आठवडे आईकडे परत सोडा. भावाला फोन केला तर कळलं उरलेली पण गेली, आणि कुत्री आता अंगाशी येऊ देत नव्हती. परत नेलं नाही. पुढं चावण्याचा जो ताप झाला त्याचं मूळ इथं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

जुलाबाचं कारण दूध. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही. दूध-बिस्किट बंद, लहान पिल्लांचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा थोडं थोडं, पाणी कायम समोर. जंताचं औषध वजनावर मोजून दिलं, दर पंधरा दिवसांनी परत द्यायचं आणि तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा.

अंगावर गोचीड होते. भावाने म्हशींवर मारतो ते औषध पाठवू का म्हणून विचारलेलं. डॉक्टर चक्क ओरडले, एवढ्या लहान पिल्लावर ते औषध विषच. चिमट्याने एकेक कातडीलगत धरून सरळ ओढून काढायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. मोठीला हे काम फार आवडलं, का ते मला विचारू नका.

१८ एप्रिल

जंत पडले, शेवयांसारखे. सासूबाईंनी जेवण टाकलं. हे जंत पोरांनाही होऊ शकतात, म्हणून पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायचा नियम केला. धाकटा पाळत नाही.

जुलाब कमी झाले पण थांबेनात. मग कोण काय देतंय ते लिहून काढायचं ठरलं. आधी मोबाईलच्या घरच्या ग्रुपवर, तिथं कुणी लिहिलं नाही. मग वही, फ्रिजला दोरीने, दोरीलाच पेन. वेळ, काय दिलं, शू, शी, कोणी बघितलं. एका दिवसात उलगडा झाला: चार वेळांचं खाद्य मी देतेय, शिवाय सासूबाई पोळीचा तुकडा ("उपाशी वाटतंय गं"), धाकटा बिस्किट, आणि नवरा रात्री गुपचूप दूध. प्रत्येकाला वाटतंय आपण एकदाच दिलं. वहीत नसलेलं पोटात जाता कामा नये असं ठरल्यावर पोट सुधारलं, औषध न बदलता.

नावाचंही तेच. धाकटा ब्रुनो म्हणतोय, मोठी कोको, सासूबाई मोत्या, नवरा "ए बाळा". ते कुणाकडेच बघत नाही. दिवसभर घरात सासूबाई असतात आणि हाक सगळ्यात जास्त त्याच मारतात म्हणून मोत्या ठरलं. पोरांनी दोन दिवस तोंड फुगवलं.

२१ एप्रिल

हा दिवस नीट वाचा.

पोरं पळाली की मोत्या पायामागे. आज धाकट्याच्या अंगठ्यात दात घुसला, रक्त आलं. सासूबाई हळद घेऊन आल्या, मी नको म्हणलं. अंगठा नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही आणि पट्टीही बांधायची नाही. मग सरकारी दवाखाना.

मला वाटलेलं एवढंसं पिल्लू, घरातलं, इंजेक्शन कशाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं पिल्लाला रेबीजची लस दिलीये का, आईला दिलीये का, मळ्यात त्याला कुठलं कुत्रं चावलं होतं का. पहिल्या दोन्हीचं उत्तर नाही, तिसऱ्याचं कुणाला माहीत. भावाला तिथूनच फोन लावला तर तो म्हणतो मळ्यातल्या कुत्र्याला कोण लस देतंय. म्हणजे रेबीजपुरतं हे पिल्लू रस्त्यावरच्या कुत्र्यासारखंच धरायचं. रक्त आलं म्हणून धाकट्याच्या जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), आणि लस आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही, आजच सुरू करायची. मग त्यांनी आमचे हात बघितले. माझ्या, नवऱ्याच्या, मोठीच्या हातावर बारीक ओरखडे होतेच. चौघांनाही लस. सासूबाई तेवढ्या सुटल्या कारण त्या त्याला हातच लावत नव्हत्या.

पैसे काही लागले नाहीत, तिथं लस मोफत आहे. वेळ मात्र लागला, दर खेपेला अर्धा दिवस, नवऱ्याची ऑफिसात बोलणी वेगळी. पिल्लू आणायच्या आधी एक फोन करून आईला लस दिलीये का एवढं विचारलं असतं आणि ते थोडं मोठं झाल्यावर आणलं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं. आमचं बघून भावाने मळ्यातल्या दोन्ही कुत्र्यांना लस टोचून घेतली.

२४ ते ३० एप्रिल

दहा दिवस होत आले, मोत्या ठणठणीत. चावणं चालू.

भावंडांत खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं, त्यातून पिल्लाला दात किती लावायचा ते कळतं. आमच्याला ते शिकायच्या आत उचललं. म्हणून भावंडांचं काम आम्ही करायचं: दात लागला की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत जायचं, अर्ध्या मिनिटाने परत. मारायचं नाही, तोंड दाबायचं नाही (नवऱ्याने दाबून बघितलं, त्याला तो खेळ वाटला आणि आणखी जोरात आला). चघळायला जुन्या टॉवेलची गाठ भिजवून फ्रीझरमध्ये घट्ट केलेली, ती त्या विकतच्या खेळण्यांपेक्षा जास्त चालली.

चौघांनी हे नीट केलं असतं तर आठवड्यात फरक दिसला असता. पण नवरा संध्याकाळी हातानेच त्याच्याशी कुस्ती खेळायचा. "माझ्याशी तो हळू चावतो." मग धाकट्याशी पण तो कुस्तीच करणार ना. मोठीने वहीत "कुस्ती" असा रकाना काढला आणि बाबांच्या नावापुढे खुणा करायला लागली, तेव्हा कुठं ते बंद झालं.

२७ ला पहिली लस, पार्व्हो आणि डिस्टेंपरची, हे पिल्लांचे दोन जीवघेणे विषाणूजन्य आजार. पुढच्या तीन-तीन आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. इतक्या वेळा का तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीला काम करू देत नाही, आणि ती कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. तोपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. घरात शिरताना चपला बाहेर, हा नियम सासूबाईंचा होताच, पहिल्यांदा सगळ्यांनी पाळला.

३ मे

शू-शी प्रकरण. याला आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळ गेला.

आधी हॉलभर पेपर पसरले. तो शिकला, पण शिकला काय तर पेपर म्हणजे शूची जागा. नवऱ्याने सकाळी सोफ्यावर ठेवलेला ताजा पेपर, मोठीची सुट्टीतल्या अभ्यासाची पानं, सगळ्यावर. फरशी फिनेलने पुसायचो तरी परत तिथंच जायचा, आपल्या नाकाला वास येईनासा झाला तरी त्याच्या नाकाला येतच राहतो. एन्झाईमवालं क्लीनर मागवलं, पाचशेची बाटली, त्याने जुन्या जागा सुटल्या.

मग लक्षात आलं की हा मळ्यातला आहे, जन्मल्यापासून मातीवर. फ्लॅटमध्ये माती कुठंय. पायपुसणं त्यातल्या त्यात मऊ म्हणून तिथं जातोय. भावाकडून पोतंभर माती आणली आणि गॅलरीत घमेल्यात भरली. घमेलं उंच, त्याला चढता येईना. मग द्राक्षाचा प्लॅस्टिकचा क्रेट एका बाजूने कापला, आत खताची पिशवी अंथरून माती. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. पिशवी त्याने नखांनी फाडली होती आणि क्रेटच्या भोकांतून सगळं खाली, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

सोसायटीत कुणीतरी लगेच म्हणालं मीटिंगमध्ये घ्या, बिल्डिंगमध्ये कुत्री चालणार नाहीत. मोठीने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना शोधून काढल्या, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही असं त्यात आहे, आणि प्रिंट काढून निघालीच होती. मी थांबवलं. नियम आपल्या बाजूने असला तरी चादर ओली झालीच होती. चादरी आम्ही धुऊन दिल्या, सासूबाईंनी वर पुरणपोळ्या नेल्या, मीटिंग झाली नाही.

शेवटी भंगारातल्या कूलरचा खालचा प्लॅस्टिकचा टब घेतला, शंभर रुपये. तळ अखंड, काठ बुटका, माती तीन-चार इंच. उठला की, खाल्लं की, खेळून झालं की उचलून टबात ठेवायचं, केलं की लगेच तिथंच शाबासकी आणि खाद्याचे दोन दाणे. घरात येऊन दिले तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाले. रात्री एकदा गजर लावून. पाळी लावली: रात्र नवरा, पहाट मी, दिवस सासूबाई, संध्याकाळ पोरं. चुकला तर रागवायचं नाही, नाक तर अजिबात घासायचं नाही, नाहीतर तो आपल्यासमोर करायचं सोडून सोफ्यामागे करतो. आमच्या सोफ्यामागे पुरावा आहे.

माती एक दिवसाआड वरची काढून नवीन, नाहीतर मे महिन्यात गॅलरीत उभं राहवत नाही.

११ मे

धाकट्याने आपल्या वाटीतले बेदाणे मोत्याबरोबर वाटून खाल्ले. आमच्याकडे बेदाण्याचा डबा कायम भरलेला, पोरं येता-जाता मूठ मारतात. मी ऑफिसमधून आल्यावर वहीत वाचलं, धाकट्याने इमानदारीत लिहिलेलं: "बेदाने, दोघांनी". कांदा, लसूण, चॉकलेट नको हे डॉक्टरांनी सांगितलेलं, पण बेदाण्याचा विषय कधी निघालाच नव्हता, म्हणून सहज फोन केला. ते म्हणाले ताबडतोब निघा.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीवर जातात. किती खाल्ले की बाधतं याचा हिशेब नाही, एखाद्याला मूठभर पचतात आणि एखादं थोडक्यात जातं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारण असावं असं आता समजतात, आणि ते चिंचेतही असतं, म्हणजे चिंचेची आमटीसुद्धा नको. खाऊन फार वेळ झाला नव्हता, इंजेक्शन देऊन उलटी काढली, बेदाणे दिसले. मग सलाईन, आणि पुढचे तीन दिवस रक्त तपासून किडनी बघायची. रिपोर्ट चांगले आले. खर्च अडीच हजाराच्या आत.

भावाला सांगितलं तर म्हणाला आमची कुत्री शेडखालचे रोज खातात, काय होत नाही. हे ऐकून सासूबाईंनाही वाटलं डॉक्टर उगाच घाबरवतात. मी डॉक्टरांना तसं विचारलंच, ते म्हणाले जी मेली ती कशाने मेली हे मळ्यात कोण तपासतं. डबा आता माळ्यावर. फ्रिजवर यादी लावली: कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्ष, बेदाणा, चिंच, कोंबडीची शिजवलेली हाडं.

१८ मे ते ८ जून

दुसरी आणि तिसरी लस, दर वेळी हजाराच्या आतबाहेर. वजन झपाट्याने वाढतंय.

खाली सोडायचं नाही म्हणून आम्ही त्याला घरातच ठेवत होतो, डॉक्टरांनी तेही चूक म्हणून सांगितलं. साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघतात-ऐकतात त्याची भीती राहत नाही, नंतर अवघड जातं. मग मोठी त्याला स्कूटरवर माझ्यामागे मांडीत घेऊन बसायला लागली. शंभर फुटी रस्ता, बस, भाजीवाले, एकदा लग्नाची वरात. जमिनीला पाय लावू द्यायचा नाही, बाकी सगळं बघू द्यायचं. मिक्सरला घाबरायचा, म्हणून सासूबाई चटणी वाटायच्या आधी त्याला दोन दाणे टाकतात, आता मिक्सरचा आवाज आला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो. उंबरठ्याच्या बाहेर. आत यायचं नाही हे त्याला त्यांनी शिकवलं, कसं ते आम्हाला कळलं नाही, आमचं तर तो एक ऐकत नाही.

१५ जून

शाळा सुरू. एप्रिल-मेमध्ये घर भरलेलं, आज अकरा ते पाच घरात फक्त सासूबाई, त्यातही त्या दुपारी झोपणार. आम्ही याचा विचारच केला नव्हता. मोबाईलचा चार्जर, चपला, दिवाणाची कड, सगळं चावलं. सुट्टीत आणलेल्या पिल्लाचं खरं काम शाळा सुरू झाल्यावर चालू होतं, तेव्हा निदान शेवटचा पंधरवडा रोज थोडं थोडं एकटं ठेवून सवय लावा. आम्ही आता उलटं करतोय: पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, जाताना निरोप नाही, आल्यावर लाड नाहीत. वायरी वर बांधल्या. दुधाचे दात पडायला लागलेत, एक गादीवर सापडला, धाकट्याने डबीत ठेवलाय.

२२ जून

रेबीजची लस झाली, महिन्याने बूस्टर. सर्टिफिकेट मिळालं, कुत्रा पाळायच्या महापालिकेच्या परवान्याला ते लागतं.

१२ जुलै

पार्व्हो-डिस्टेंपरची शेवटची लस २९ जूनला झाली, दोन आठवडे थांबून आज पहिल्यांदा रस्त्यावर. पट्टा पाठ-छातीवरून बसणारा घेतला, एप्रिलमधला अजूनही मोठाच होतो.

नवीन अडचण: बाहेर काहीच करत नाही. भर पावसात नवरा छत्री धरून पाऊण तास, आणि घरात शिरला की पळत गॅलरीत टबात. टब इतका पक्का झालाय की बाकी जग त्याला शूची जागा वाटत नाही. उद्यापासून टबातली वापरलेली माती पिशवीत नेऊन कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला टाकणार.

१६ जुलै

मातीचा उपाय लागू पडला, तिसऱ्या दिवशी केलं. नवऱ्याने रस्त्यातून व्हिडिओ कॉल केला, मी मीटिंगमध्ये होते. पावसाळाभर टब राहणार.

आतापर्यंतचा खर्च चौदा-पंधरा हजार, त्यातला तीन-चार हजाराचा माल न वापरलेला किंवा फाडलेला. पुढचं: २० जुलैला रेबीजचा बूस्टर, मग परवाना, पावसाळ्यातल्या गोचिडांचं औषध, नसबंदी कधी करायची ते डॉक्टर सहा महिन्यांनंतर बघू म्हणालेत. आणि गणपतीत आम्ही सगळे गावी जातो, तिथं फटाके आणि ढोल, तर याला न्यायचं की कुणी मागं राहायचं हे ठरायचंय. सासूबाई म्हणाल्या मी राहते. वहीत लिहून घेतलंय.